दोन शहरं न पाहिल्याची हकिकत

एखाद्या ऐतिहासिक शहरात जाऊन ते न पाहता परत येणं पुष्कळांना जमतं. एकाच सहलीत दोन ऐतिहासिक शहरांत जाऊन दोन्ही न पाहता परत येण्याचा मान, माझ्या माहितीप्रमाणे, फक्त आमच्या घराकडे आहे. तो मिळवायला आम्हाला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. तेवढ्या वेळात एखादा माणूस दोन्ही शहरं बघून, तिसऱ्या शहरात भाड्याने घर घेऊन, तिथल्या पाण्याबद्दल तक्रारी करू लागला असता.

बाबा आता नाहीत, त्यामुळे ही हकिकत दुरुस्त करायला कुणी उरलेलं नाही. ते असते तर पहिल्याच वाक्याशी अडले असते. ‘ऐतिहासिक म्हणजे काय, ते आधी सांग,’ म्हणाले असते, आणि मग सहलीची गोष्ट सहलीसारखीच सुरू व्हायची राहिली असती.

बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांच्या पाठ्यपुस्तकात एक वेढ्याचा धडा होता. डोंगरावरचं एक किल्ल्याचं शहर, आणि त्याला वेढा घालणारी, नदीकाठच्या राजधानीहून निघालेली फौज. हा धडा त्यांनी इतक्या वर्गांना शिकवला की गडाचे दरवाजे त्यांना आमच्या घराच्या दरवाजांपेक्षा जास्त माहीत होते. आमच्या घराच्या दरवाजांपैकी एक बाहेरच्या बाजूला उघडतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मात्र ही दोन्ही शहरं त्यांनी पाहिली नव्हती. कधी परीक्षा आल्या, कधी मी आले, कधी मावशीचं लग्न आलं. निवृत्तीनंतर जाऊ, असं ठरलं. निवृत्तीनंतर बाबांचं हृदय आलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ऑपरेशन करायलाच हवं, पण लगेच नको. उन्हाळा संपता संपता करू. तोपर्यंत वाटलं तर दोन-तीन दिवस कुठेतरी जाऊन या. फक्त दगदग नको आणि चढ नको.” या चार वाक्यांतलं बाबांनी फक्त तिसरं ऐकलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ते म्हणाले, “एका शहराला जमेल. कुठल्या, तेवढं ठरवू.”

ऑपरेशनबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. पण त्या ‘एका’ शब्दाचा अर्थ तिघांनाही कळला होता. इतकी वर्षं जे शिकवलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं, आणि ते आत्ताच, कारण नंतरचं कुणी सांगावं. मला वाटलं, यात ठरवायला काय वेळ लागणार? मी ग्रंथालयात काम करते. रोज शेकडो पुस्तकं कुठल्या कपाटात जावीत हे मी ठरवते. तेव्हा दोन शहरांतून एक निवडणं मला हातचा मळ वाटला होता.

बाबांनी निवडीसाठी त्यांना माहीत असलेली एकमेव पद्धत वापरली. त्यांनी दोन्ही शहरांचे पेपर तपासायला घेतले.

एका कागदाच्या डाव्या बाजूला गड, उजव्या बाजूला राजधानी. खाली प्रश्न: प्राचीनता, वास्तू, पाण्याची व्यवस्था, धड्यातलं महत्त्व. प्रत्येकाला गुण. आईने एक प्रश्न घालायला लावला, ‘स्वच्छतागृह’, आणि तो सक्तीचा असावा असा आग्रह धरला. चढाचे गुण वजा व्हायचे होते, ही माझी अट. चढामुळे गड मागे पडला. बाबांनी चष्मा पुसला आणि गडाला तटबंदीसाठी चार गुण वाढवले. मग राजधानी मागे पडली. तिला नदीबद्दल चार गुण मिळाले.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“काठावर आहे बिचारी,” बाबा म्हणाले. “चार गुणांसाठी कुणाचं वर्ष कशाला घालवायचं?”

“यांच्या हातून कधी कुणी नापास झालं नाही,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यामुळे कुणी धड पहिलंही आलं नाही.”

दोन्ही शहरं सारख्या गुणांनी उत्तीर्ण झाली. बाबांनी फेरतपासणी जाहीर केली. मी ग्रंथालयातून संदर्भासाठी पुस्तकं आणली. जाड, सचित्र, स्वतःच्या नावावर घेतलेली. बाबांनी त्यांतल्या दोन पुस्तकांत चुका काढल्या, एकाच्या समासात पेन्सिलीने ‘पुन्हा लिहा’ असं लिहिलं, आणि ग्रंथपालाच्याच पुस्तकात खुणा सापडल्याबद्दल माझ्या सहकाऱ्यांनी मला आठवडाभर ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही.

इतक्यात ही बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावर एक वजनमापं तपासनीस राहतात, तेही निवृत्त. नोकरीमुळे ते सगळीकडे फिरलेले, म्हणून त्यांना सगळे जगप्रवासी म्हणतात. ते सल्ला द्यायला आपणहून खाली आले.

“गडाचं शहर?” ते खुर्चीत स्थिरावत म्हणाले. “तिथे माझा डावा बूट गेला.”

“आणि राजधानी?” बाबांनी पेन उघडलं.

“तिथे पोट.”

बाबांनी ते लिहून घेतलं नाही, पण विचारलं, “गडाचा उत्तर दरवाजा अजून उभा आहे का?”

“दरवाजे असतील हो. मी बूट शोधत होतो.”

जगप्रवाशांच्या आठवणीत जगातलं प्रत्येक शहर असं कुठल्या तरी वस्तूच्या किंवा अवयवाच्या हानीने नोंदलेलं आहे. जाताना त्यांनी दोन्ही सोडून एका तिसऱ्याच शहराची जोरदार शिफारस केली. तिथे त्यांचं काहीच गेलं नव्हतं. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं आईने विचारलं, तेव्हा ते विचारात पडले आणि त्याच अवस्थेत जिना चढून गेले.

मावशीने फोनवर प्रश्न आणखी सोपा केला. “राजधानीत डास आहेत आणि गडावर माकडं. डास का माकडं, एवढंच ठरवा. शहर आपोआप ठरेल.” बाबांनी तो फोन ठेवल्यावर काही वेळ खिडकीबाहेर बघितलं. मला वाटतं, ते माकडांना गुण देत होते.

मधल्या काळात मी कार्यालयात रजेचा अर्ज दिला होता. अर्जात ‘रजेच्या काळातला पत्ता’ असा रकाना असतो. मी प्रामाणिकपणे दोन्ही शहरं लिहिली आणि मध्ये ‘किंवा’ घातला. अर्ज परत आला. वर शेरा होता: ‘एक व्यक्ती एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. खुलासा करावा.’ मी खुलासा केला की व्यक्ती एकाच ठिकाणी असेल, फक्त कुठलं ते अजून ठरलेलं नाही. त्यावर साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि फार मऊ आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. वाचनाची आवड असलेल्या माणसांचं असं होतं, असंही ते म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकं सहानुभूतीने कुणी वागवलं नव्हतं आणि इतका अपमानही वाटला नव्हता.

मी घरी येऊन जाहीर केलं की आता हे थांबवायचं. राजधानी सपाट आहे, राजधानीलाच जाऊ.

बाबा म्हणाले, “अर्ज तर गेले.”

“कुठले अर्ज?”

“विश्रामगृहांचे. दोन्हीकडे केले. एक तरी नाकारतीलच. मग आपल्याला ठरवायला नको.”

मला ही युक्ती आवडली, हे आता कबूल करायला हरकत नाही. सरकारी विश्रामगृहाने अर्ज नाकारणं यात कुणाच्या मनाला लागण्यासारखं काही नसतं. पण आमचं जे सरकारी काम आयुष्यभर वेळेवर झालं नाही ते त्या एकाच आठवड्यात झालं, आणि दोन ठिकाणी झालं. दोन्ही विश्रामगृहांनी खोल्या दिल्या. त्याच तारखांना.

तरीही एक रद्द करता आली असती. पण पत्रांच्या खाली एक ओळ होती. आईने ती मोठ्याने वाचली, “सोबत जोडलेली मूळ कागदपत्रं पडताळणीसाठी ठेवून घेण्यात आली असून मुक्कामाच्या वेळी परत मिळतील. अहो, मूळ म्हणजे?”

बाबा परीक्षेच्या सूचना अक्षरशः पाळणाऱ्यांपैकी. वर्गात ते सांगत, प्रश्न काय विचारलाय ते वाचा, तेवढंच लिहा. गडाच्या अर्जावर निवृत्त शिक्षकांना सवलत होती, आणि ‘ओळखपत्र जोडावे’ असं छापलेलं होतं. बाबांनी ओळखपत्र जोडलं. प्रत जोडावी असं कुठे लिहिलं नव्हतं. राजधानीच्या अर्जावर रुग्णांना तळमजल्याची खोली होती, आणि ‘वैद्यकीय कागद जोडावेत’ असं होतं. बाबांनी हृदयाची अख्खी फाइल जोडली, आतल्या काळ्या फिल्मसकट.

ओळखपत्राशिवाय रुग्णालय निवृत्तांच्या योजनेत दाखल करून घेणार नव्हतं. फाइलशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. थोडक्यात, बाबांची ओळख एका शहरात होती आणि हृदय दुसऱ्या शहरात.

मी गडाच्या विश्रामगृहाला फोन लावला.

“ओळखपत्र टपालाने परत पाठवता का?”

“मूळ कागद टपालाने पाठवायची तरतूद नाही,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

“पण ते टपालानेच आलं ना तुमच्याकडे?”

“यायची तरतूद आहे. जायची नाही.”

“मग मी येऊन घेऊन जाते.”

“धारकाने स्वतः यावं लागेल.”

राजधानीतल्या बाईंचा आवाज जास्त गोड होता. त्यांच्याकडे रुग्णाने स्वतः यायचं होतं. आजारी माणसाने एवढ्या लांब यायचं का, असं मी विचारलं. “धडधाकट माणूस आला तर आम्ही कागद कुणाचे म्हणून द्यायचे?” त्यांनी मला विचारलं.

अशा रीतीने आमची निवड झाली. एक दिवस गडाला, एक दिवस राजधानीला, तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि चढाची अट पुन्हा सांगितली. मी रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखलं: कागद घेणं हिरव्या रंगात, शहर बघणं लाल रंगात. लाल भाग मोठा होता. बाबा खुशीत होते. दोन्ही उमेदवार निवडले गेले होते आणि त्यांच्या हातून कुणावर अन्याय झाला नव्हता.

“दोन्ही नीट बघू,” ते म्हणाले.

“किंवा एकही नाही,” आई बॅग भरता भरता म्हणाली.

गडाच्या शहरात आम्ही सकाळी पोचलो. विश्रामगृहाच्या स्वागतकक्षात एक लांब बाक, एक उंच खिडकी आणि खिडकीमागे फोनवरचे तेच गृहस्थ. ओळखपत्र त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात होतं. कपाट आम्हाला दिसत होतं. किल्ली व्यवस्थापकांकडे होती. व्यवस्थापक पाहणीला गेले होते.

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“गडावर.”

“कधी येतील?”

“येतीलच. पण बाहेर जाऊ नका. आले आणि धारक हजर नसला तर साहेब परत जातात.”

बाबा बाकावर बसले. शहर बघणं लाल रंगात सुरू झालं. समोरच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती आणि टाकीच्या डावीकडे, मान वाकवली तर, एका बुरुजाचा कोपरा. बाबांनी मान वाकवली. मग ते खिडकीतल्या गृहस्थांना वेढ्याबद्दल सांगू लागले. कुठल्या बाजूने शिड्या लागल्या, पाणी कसं पुरवलं. गृहस्थ ऐकत होते की नाही कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आजोबा, तुम्ही याआधी कितीदा आलात इथे?”

“पहिल्यांदाच येतोय.”

गृहस्थांनी पहिल्यांदाच लिहिणं थांबवून बाबांकडे पाहिलं, आणि मग कपाटाकडे. पण किल्ली खरोखरच त्यांच्याकडे नव्हती.

दुपार झाली. गड लवकर बंद होतो, असं भिंतीवर लिहिलं होतं. बाबा ते वाचत होते हे मी पाहिलं, आणि मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, मी बसते तुमच्या जागी, तुम्ही निदान पायथ्यापर्यंत जाऊन या. पण धारक मी नव्हते. जगात काही ठिकाणी मुलीला बापाच्या जागी बसता येत नाही.

तेव्हा आई उठली. आईला गडकिल्ल्यांत काही गोडी नव्हती. तिने आयुष्यभर तो धडा फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

“मी जाऊन येते,” ती म्हणाली.

“तू?” बाबा म्हणाले. “एकटी? तुला तिथलं काय कळणार?”

“कळायला कशाला हवं? बघायचंय ना?” आणि ती चपला सरळ करून निघून गेली.

ती गेल्यावर बाबा दाराकडे बघत राहिले. व्यवस्थापक आले नाहीत. मी पुस्तक उघडलं आणि मिटलं. गृहस्थांनी आम्हाला न विचारता चहा मागवला. उन्हं टाकीवरून खाली उतरली तेव्हा आई परत आली. केस विस्कटलेले, तोंड लाल झालेलं, पायांवर धूळ.

“बस,” बाबा म्हणाले. “पहिला दरवाजा कुठल्या दिशेला आहे?”

“मला काय माहीत? चढून गेलं की समोर येतो.”

“समोर नाही येणार. वळण घेतल्याशिवाय दिसत नाही तो. मुद्दाम तसा बांधलाय.”

आई थांबली. “हो,” ती म्हणाली. “खरंच. वाटतं रस्ता संपला. भिंतच आली. मग बाजूला बघावं तर एवढा मोठा दरवाजा.”

“आणि खिळे?”

“आहेत. पण माझ्या डोक्याच्या वर. एवढ्या उंचीवर कशाला?”

“हत्ती,” बाबा म्हणाले. “हत्तीचं कपाळ तिथे येतं.”

“अरे देवा. आणि मी म्हटलं, कपडे अडकवायला असतील.”

ती सांगत गेली. टाक्यात हिरवं पाणी आहे आणि त्यात बेडूक आहेत. बुरुजावर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात आणि त्या फौजेच्या झेंड्यांसारख्या फडफडतात. वर वारा असा आहे की उभं राहणं मुश्कील. बाबा अडवत होते, उलटे प्रश्न विचारत होते. वारा कुठल्या बाजूने, चादरी कुठल्या बुरुजावर, खोटं सांगतेस, तिथून दरी दिसत नाही. दिसते, आई म्हणत होती, मी बघून आलेय, तुम्ही पुस्तकातलं सांगताय. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “परत सांग. दरवाजापासून.” जन्मभर वर्गासमोर उभे राहिलेले बाबा त्या बाकावर विद्यार्थ्यासारखे बसले होते. माझ्या वेळापत्रकात या गोष्टीसाठी रंग नव्हता.

व्यवस्थापक आले तेव्हा गड बंद झाला होता. त्यांनी ओळखपत्रावरच्या तरुण चेहऱ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघितलं, सही घेतली, आणि विचारलं, “मग, आवडला का गड?”

“उत्तम आहे,” बाबा म्हणाले. “वारा मात्र फार.”

राजधानीत फाइल विश्रामगृहात नव्हती. ती पडताळणीसाठी नदीकाठच्या मुख्य कार्यालयात गेली होती. रुग्ण खरोखर रुग्ण आहे की नाही हे तपासणारे अधिकारी तिथे बसत. वरच्या मजल्यावर. उद्वाहन नव्हतं. आम्ही उन्हातून तिथे गेलो.

“वर जाऊन भेटा,” तळमजल्यावरच्या दालनात बसलेल्या, फोनवरच्या त्याच गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं.

“त्यांना जिना चढायचा नाहीये,” मी म्हटलं. “तेच तर फाइलमध्ये लिहिलंय.”

“फाइल वर आहे,” बाई म्हणाल्या.

बाबा हळूच म्हणाले, “मी सावकाश चढतो. थांबत थांबत.”

“चढलात तर तुम्ही आजारी नाही असं ठरेल,” आई म्हणाली. “मग फाइल मिळायची नाही. खाली बसा.”

या युक्तिवादात खोट काढणं बाबांना जमलं नाही, आणि त्याची त्यांना बरीच खंत वाटली. ते बसले. आई वर गेली. पुढे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. जिन्यावरून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. दुपार उलटून गेल्यावर अधिकारी स्वतः फाइल घेऊन खाली आले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “रुग्ण कोण, या का?” असं त्यांनी विचारलं. सकाळपासूनच्या उन्हाने माझा जो काही अवतार झाला होता, त्यावरून त्यांना दोष देता येत नाही.

फाइल हातात आली तोवर राजवाड्याचं संग्रहालय बंद झालं होतं. बाबांच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. गाडीला वेळ होता, पण इमारतीमागच्या नदीपर्यंत जाण्याचंही बळ त्यांच्यात नव्हतं. तसं ते बोलले नाहीत, “नदी काय, नदीसारखीच असणार,” एवढंच म्हणाले. आम्ही त्याच दालनात बसून राहिलो. हिरव्या लाकडी फळ्यांचे आडोसे, वर पिवळे पडलेले पत्रे, चारी बाजूंना कागदांचे गठ्ठे. त्या हिरव्या फळ्यांकडे बघत आम्ही राजधानीतला दिवस काढला.

घरी आल्यावर जगप्रवासी विचारपूस करायला आले. आमचं काय काय गेलं, याची त्यांना उत्सुकता होती. नदीकाठच्या कार्यालयाचं नाव निघताच ते म्हणाले, “म्हणजे राजवाड्यातच बसलात की दिवसभर. ते दालन जुन्या राजवाड्यातलंच आहे. वर पत्रे मारलेत, त्यांच्यावर जुनं रंगवलेलं छत आहे. मसलती तिथेच व्हायच्या म्हणे. मला आठवतंय, कारण माझं पोट तिथेच बिघडलं.”

वेढा घालायचा हे जिथे ठरलं, तिथे बाबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते. नुसती मान वर करून, एक पत्रा सरकवण्याइतकं ते छत त्यांच्यापासून लांब होतं. ते रागावतील असं मला वाटलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, “निदान बाक कसा होता ते तरी नीट बघायला हवं होतं.” हसणं संपल्यावरही ते काही वेळ मान हलवत राहिले. त्या मान हलवण्याचा मला आजही त्रास होतो.

रुग्णालयात सगळे कागद व्यवस्थित निघाले. इतके व्यवस्थित कागद आम्ही क्वचित पाहिलेत, असं तिथल्या परिचारिकेने सांगितलं. शेजारच्या खाटेवर गालिच्यांचे एक व्यापारी होते. त्यांनाही सुट्टी मिळाल्यावर कुठेतरी जायचं होतं. बाबांनी त्यांना गड सांगितला. आडवळणाचा दरवाजा, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवरचे खिळे, टाक्यातले बेडूक, चादरी आणि वारा, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं. आई शेजारी मोसंबं सोलत होती. तिने एकदाही दुरुस्ती केली नाही.

“मग गडावर जाऊ की राजधानीला?” व्यापाऱ्यांनी विचारलं. “एकच सांगा.”

मी थोडी सावरून बसले. सगळा उन्हाळा या प्रश्नात गेला होता.

“गडावर जा,” बाबा ताबडतोब म्हणाले. “पण तुम्ही खाली थांबा. बायकोला पाठवा.”

ऑपरेशन ठरल्यासारखं झालं. त्यानंतरचं ठरल्यासारखं झालं नाही. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

यंदा उन्हाळा सुरू झाला तेव्हा मी रजेचा अर्ज केला. पत्त्याच्या रकान्यात एकच शहर लिहिलं, राजधानी, आणि साहेबांनी तो न वाचता मंजूर केला. मी आईला म्हटलं, संग्रहालय उघडं असेल तेव्हा जाऊ, नदी बघू, त्या कार्यालयात कुणाला तरी विनवून पत्र्याच्या वरचं छत बघू. बाबांचं राहिलेलं आपण बघून येऊ.

आई धुतलेले कपडे घडी करत होती. तिने नकार दिला नाही. हातातली घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली.

“बघून येईन गं,” ती म्हणाली. “पण येऊन सांगू कुणाला?”

“मला सांग ना.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, लहानपणी ताप आहे का बघायची तशी.

“तुला सांगण्यात काही मजा नाही,” आई म्हणाली. “तू लगेच विश्वास ठेवतेस.”